एकेचाळीस दिवसांची गैरहजेरी

हॅनकॉक, मिशिगन
९ ऑक्टोबर २०२२

श्री. डेल पर्सेल यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी मार्ता, आर्वो निएमेला यांची मुलगी. १९७१ साली ओक्लाहोमातल्या छावणीत बाबा तुमच्या तोफखान्याच्या तुकडीत होते. तुमच्या तुकडीतली माणसं दर दोन वर्षांनी भेटतात, त्यांच्या यादीत तुमचा पत्ता मिळाला.

बाबा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. डावा कान पूर्ण गेला आहे, उजवा अर्धा. व्हिएतनाममध्ये वर्षभर तोफांशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? मी माजी सैनिकांच्या इस्पितळात फोन केला, तर त्यांनी सेवामुक्तीचा कागद मागितला. बाबा म्हणाले, "हरवला." पुढच्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला गळ हवा होता म्हणून मी बाबांची मासेमारीची पेटी उघडली, तर खालच्या कप्प्यात, मेणकापडात गुंडाळलेला, तो कागद. त्यावर लिहिलंय, सेवामुक्तीचा दर्जा: अनिष्ट. म्हणजे लष्कराला नकोसा. कारण: एकेचाळीस दिवस विनापरवाना गैरहजेरी.

आमच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात पाद्री माजी सैनिकांना उभं राहायला सांगतात. बाबा नेमके तेव्हा गाडी गरम करायला बाहेर जातात. मला वाटायचं, त्यांना थंडी वाजते.

हा दर्जा बदलून घेता येतो. वॉशिंग्टनजवळ लष्करी नोंदी दुरुस्त करणारं एक मंडळ आहे, तिथे अर्ज करायचा. पण ते दिवस कुठे गेले हेच मला ठाऊक नाही, आणि बाबा तोंड उघडत नाहीत. मी जमिनींच्या नोंदींच्या कचेरीत काम करते. कुठलाही कागद तळापासून वाचायची सवय आहे. त्या कागदाला जोडलेल्या तुकडीच्या पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, टंकलेखकाची दोन बारीक अक्षरं आहेत: डी. पी. ते तुम्हीच ना?

काय झालं होतं तेव्हा?

आपली,
मार्ता हेइक्किला


माउंटन व्ह्यू, आर्कान्सा
२१ ऑक्टोबर २०२२

मार्ताबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी छपरावर होतो. माझी बायको वांडा खालून ओरडली, "डेल, मिशिगनहून कुणा बाईचं पत्र आलंय, खाली ये आणि खुलासा दे." तेव्हा पहिल्यांदा सांगतो, तुमच्यामुळे माझी दुपार वाया गेली.

हो, डी. पी. मीच. कचेरीतला कारकून. गोळी कधी झाडली नाही, पण टाइपरायटर भरपूर बडवला. असले कागद मी शेकड्यानं काढले, सगळे कसे लक्षात राहणार? तुमचे बाबा मात्र आठवतात. उंच, आणि दिवसाला चार शब्दांचा खर्च. जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या चाकूनं लाकडी चमचे कोरायचे. एक मलाही दिला होता.

ते का गेले ते मला माहीत नाही. एवढंच सांगू शकतो की जाण्याच्या तीन-चार दिवस आधी त्यांना एक पत्र आलं होतं. टपाल मीच वाटायचो. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोस्केला, अक्षर बाईचं. मी चिडवलं, "ही कोण रे? बायकोला कळवू का?" त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी केली, आणि त्या रात्री जेवायला आले नाहीत.

यापलीकडे माझ्या डोक्यात काही नाही. म्हाताऱ्याला सांभाळा.

डेल पर्सेल


हॅनकॉक, मिशिगन
६ नोव्हेंबर २०२२

श्री. पर्सेल,

उत्तराबद्दल आभार. पण आता मला आधीपेक्षा जास्त प्रश्न पडलेत, आणि त्यातला एक तुमच्यासाठी आहे.

आधी माझा हिशोब बघा. बाबा २२ फेब्रुवारीला छावणीतून गेले. माझा जन्म ३ फेब्रुवारीचा. घरी एकोणीस दिवसांची मुलगी, आणि हा माणूस भलत्याच बाईचं पत्र वाचून पळतो? मी बाबांना विचारलं, "कोस्केला कोण?" म्हणाले, "ऐकू आलं नाही." शेजारच्या गाईंनी माना वळवल्या असत्या एवढ्या मोठ्यानं विचारलं होतं मी. नंतर तास दीड तास ते लाकडं फोडत बसले. लाकडं आधीच फोडलेली होती.

आमच्याकडे दर तिसऱ्या घरात एक कोस्केला आहे, त्यामुळे शोधायचं तरी कुठे? आई जाऊन वर्ष उलटलं, तिला विचारता येत नाही, म्हणून मी डेट्रॉइटच्या शर्लीमावशीला फोन केला. ती म्हणाली, "त्या वसंतात तुझी आई कुणाचाच फोन घेत नव्हती. मी चिडून तिच्याशी वर्षभर बोलले नाही." म्हणजे आईला कळलं होतं. नाहीतर सख्ख्या बहिणीचा फोन कोण टाळतं? पन्नास वर्षं माझे आईबाप एका टेबलाशी बसून कॉफी प्यायले, आणि मधे ही बाई बसलेली होती, असं आता मला दिसायला लागलंय.

आता तुमचा प्रश्न. मी बाबांची फाइल मागवली होती, ती आली. त्यात चौकशीचं दोन पानी टिपण आहे. कॅप्टन विचारतो, "या जवानानं रजेचा अर्ज दिला होता का?" उत्तर: "नाही, सर. असा कुठलाही अर्ज कचेरीत आला नाही." उत्तर देणाऱ्याचं नाव, कारकून डी. पर्सेल.

तुम्ही लिहिलंत की यापलीकडे काही माहीत नाही. मग चौकशीला उभे होतात, हे का नाही लिहिलंत?

मार्ता


माउंटन व्ह्यू, आर्कान्सा
२० नोव्हेंबर २०२२

मार्ताबाई,

तुमचं पत्र दहा दिवस फ्रीजवर पडून होतं. वांडा म्हणाली, "लिही, नाहीतर मी लिहिते." म्हणून लिहितो.

अर्ज आला होता.

शुक्रवारी दुपारी तुमच्या बाबांनी तो माझ्या हातात दिला. तातडीच्या रजेचा. मी तो ट्रेमध्ये टाकला. वर आणखी कागद होते, संध्याकाळी गावात नाच होता, आणि मी एकवीस वर्षांचा गाढव होतो. सार्जंटकडे न्यायचा राहिला. सोमवारी बघतो तर ट्रेमध्ये अर्ज नाही, आणि निएमेला पण नाही. मी कचऱ्याची टोपली उलटी केली, कपाट सरकवलं. कुठे गेला ते कळलं नाही. टोपलीतला कचरा शनिवारी जाळायचे, तेव्हा अर्ज त्यातच जळाला असं मी धरून चाललो.

एप्रिलमध्ये ते परत आले. स्वतःच्या पायांनी, गणवेशात, इस्त्री केलेल्या. चौकशीत कॅप्टननं मला विचारलं आणि मी म्हटलं, नाही सर. हरवला म्हटलं असतं तर माझ्या बाहीवरची बढतीची पट्टी गेली असती. मी तुमच्या बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा उठून म्हणेल, खोटं बोलतोय. ते माझ्याकडे बघत होते, पण काही बोलले नाहीत. त्यांना कोर्ट मार्शल किंवा हा कागद, यातलं एक निवडायला सांगितलं. त्यांनी कागद घेतला, आणि तो मीच टाइप केला.

त्यानंतर मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. कुठलंही पोर मी रस्त्यावर विसरलो नाही. दर फेरीला मागपर्यंत जाऊन प्रत्येक बाक बघायचो. लोक हसायचे.

सोबत शपथपत्र आहे, नोटरीच्या शिक्क्यासह. त्यात लिहिलंय की अर्ज आला, मी हरवला, टोपली उलटी करूनही सापडला नाही, आणि मी खोटं बोललो. मंडळाला आणखी ठसठशीत हवं असेल तर सांगा, मी जाळला म्हणून लिहीन. आता माझं कोण काय वाकडं करणार?

त्या कोस्केला बाईचं मला खरंच माहीत नाही.

डेल


हॅनकॉक, मिशिगन
५ डिसेंबर २०२२

डेल,

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण शपथपत्र तीनदा वाचलं आणि लगेच अर्जाचा कोरा नमुना काढून बसले. यावर अर्ज उभा राहतो! अर्ज दिला होता, कचेरीनं हरवला, माणूस तरी काय करणार? बाई असो नसो, मंडळाला त्याच्याशी काय देणंघेणं.

फक्त अर्जावर सही बाबांची लागते. येत्या रविवारी जेवायला बोलावलंय. पेस्टी करते, मांस-बटाट्याची मोठी भाजलेली करंजी, सलगम जास्त घालून, त्यांना आवडते तशी. कॉफी आली की कागद पुढे करते.

मार्ता


हॅनकॉक, मिशिगन
१४ जानेवारी २०२३

पर्सेल,

मी निएमेला.

मार्तानं तुझं शपथपत्र कॉफीच्या कपाशेजारी ठेवलं. वर पेन. मी वाचलं आणि सही केली नाही. ती म्हणाली, "का?" मी कोट घालून घरी आलो. महिना झाला, ती बोलत नाही. तिची आई पण अशीच होती, रागावली की भांडी घासायची. नातू सांगतो, मार्ताकडची भांडी फार चकचकीत आहेत.

अर्ज तू हरवला नाहीस. मी काढून घेतला.

त्याच शुक्रवारी अंधार पडल्यावर मी कचेरीत आलो. दार उघडंच होतं, किल्ली तू तिसऱ्यांदा कुठेतरी विसरला होतास. ट्रेमधून अर्ज उचलला आणि खिशात घातला. म्हणून मी चौकशीत तुला खोटं पाडलं नाही. तू नाही म्हणालास तेव्हा मला बरंच वाटलं. अर्ज आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं असतं, कारण काय लिहिलं होतं.

कारण लिहिलं होतं, बायको आजारी. पण अर्ज तुला दिल्यावर भोजनगृहाच्या दारात सार्जंट भेटला. मी त्याला सांगितलं. तो चांगला माणूस होता, चौकशीच्या आत बदलून गेला. म्हणाला, "ठीक आहे, रेड क्रॉसला तार करू. त्यांचा माणूस घरी जाऊन बघून येईल, मग तुझी रजा." बघून येईल.

मी सहा वर्षांचा होतो तेव्हा आमच्या घरी असाच एक माणूस बघायला आला होता. आई क्षयानं अंथरुणात. त्यानं काही वाईट केलं नाही, टोपी काढून बोलला. संध्याकाळी मी एका गाडीत, माझा भाऊ एइनो दुसऱ्या गाडीत. मला नंतर काकानं सोडवलं. एइनो चार वर्षांचा होता. तो कुठल्या घरी गेला ते मला आजपर्यंत कळलं नाही.

ते पत्र इम्पी कोस्केलाचं होतं. आमची शेजारीण. तिनं लिहिलं होतं, तुझी लॉरेन बाळाला उचलत नाही. दूध देत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून असते. मी दिवसातून दोनदा येते पण माझे गुडघे चालत नाहीत. मी कुणाला सांगितलेलं नाही. तू ये.

म्हणून गेलो. लॉरेन उठेपर्यंत राहिलो, मग परत आलो. लॉरेनला वाटायचं मी रजेवर आलो होतो. मी तसंच वाटू दिलं. कॅप्टननं तीनदा विचारलं, कुठे होतास. मी म्हटलं, घरी. का? त्याला उत्तर दिलं नाही. फाइलमध्ये गेलेलं कुणीही वाचतं.

आता मंडळाला खरं सांगायचं तर आधी मार्ताला सांगावं लागेल, की तुझ्या आईनं तुला पाच आठवडे हातात घेतलं नाही. तिची आई जाऊन दीड वर्ष झालं. मी हे करणार नाही. आणि तुझ्या खोट्यावर सही पण करणार नाही. कागद आहे तसा राहू दे. एक्कावन्न वर्षं सोबत काढली, आणखी थोडी जातील.

तू मात्र टोपल्या उलट्या करणं सोड. मार्ताला यातलं काही लिहू नकोस.

निएमेला


माउंटन व्ह्यू, आर्कान्सा
२५ जानेवारी २०२३

अरे लांबड्या,

एक्कावन्न वर्षं! एक्कावन्न वर्षं मी स्वतःला शिव्या घालतोय, आणि अर्ज तुझ्या खिशात! पत्र वाचून मी आधी हसलो, मग गोठ्यात जाऊन बसलो. वांडानं येऊन पत्र माझ्या हातातून घेतलं. तिच्यापासून काही लपत नाही, माफ कर.

मी मार्ताला लिहिणार नाही. शब्द दिला. पण एक गोष्ट तुला माहीत असायला हवी. पाकिटावरचं नाव मी तिला सांगून बसलोय, माझं तोंड तुला माहीत आहे. तुझी पोरगी समजते की कोस्केला ही तुझी बाई होती. तिला वाटतं तू तान्ही पोर टाकून तिच्याकडे गेलास, आणि तिच्या आईनं ते पन्नास वर्षं गिळलं. आता तूच ठरव, खरं जास्त वाईट की हे.

आणखी एक, हे वांडाचं आहे, ती सांगते तसं उतरवतोय. आमच्या धाकट्याच्या वेळी तिनं चार महिने पडदे उघडले नव्हते. आम्ही त्यावर आजवर एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो, काल बोललो. ती म्हणते, "त्याला लिही, मुलीनं स्वतः मुलं वाढवलीत. ती आईवर रागावणार नाही. आणि मी लॉरेन असते, तर नवऱ्यानं माझ्यासाठी काय केलं ते मला कळायला हवं होतं. मला नाही कळलं, तर निदान माझ्या मुलीला."

बाकी तू आणि तुझे चार शब्द.

डेल


हॅनकॉक, मिशिगन
२६ फेब्रुवारी २०२३

डेल,

तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही महिनाभर मला एक ओळ लिहिली नाही. बाबांनी सांगितलं की त्यांनीच बजावलं होतं. ठीक आहे, माफ.

गेल्या शनिवारी बाबांचा फोन आला, "बर्फावर येतेस का?" गोठलेल्या कालव्यावर आम्ही भोक पाडून गळ टाकून बसलो. ते मुद्दाम चांगला कान माझ्या बाजूला करून बसले. मग म्हणाले, "कोस्केला साठ वर्षांची होती आणि तिच्या हनुवटीवर माझ्यापेक्षा जास्त केस होते."

मी हसायला लागले, आणि त्यांनी पुढचं सांगितलं, पाण्याकडे बघत, एका दमात. एवढे शब्द सलग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. एइनोचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. मला एक काका होता, कदाचित अजून आहे.

मी आईवर रागावले नाही. खरं सांगू, पहिला राग बाबांचा आला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आई माझ्याकडे महिना महिना येऊन राहिली. रात्री मी जागी आहे की नाही बघायला तीनदा यायची, माझं तोंड न्याहाळायची. मी वैतागायचे. कुणी मला सांगितलं असतं तर मी वैतागले नसते.

मग मी विचारलं, "त्या दिवसांत मला कोण उचलत होतं?" ते म्हणाले, "मी. दुसरं कोण?" जसं काही प्रश्नच खुळा.

त्यांनी सही केली आहे. अट एकच: खरं तेवढंच जाईल, आणि आईबद्दल "आजारी" याहून जास्त एक शब्दही नको. मी म्हटलं, तेवढ्यानं मंडळाला पटणार नाही. दोन दिवस वाद झाला. शेवटी आईचा आजार तीन ओळींत लिहिला, आणि त्या तीन ओळी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिल्या. वर्षभराची व्हिएतनाममधली नोकरी, तिथलं पदक, परत येऊन स्वतः हजर होणं, हे मी लिहिलं. ते लिहायला त्यांची ना नव्हती, फक्त म्हणाले, "पदक कशाला?"

तुमचं शपथपत्र नव्यानं करून पाठवा. अर्ज हातात आला होता, तुम्ही तो पाहिला होता, आणि चौकशीत नाही म्हणालात. बस. हरवला नाही, जाळला तर नाहीच नाही.

वांडांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा निरोप बाबांनी मला वाचून दाखवला.

मार्ता


हॅनकॉक, मिशिगन
१९ मे २०२४

डेल,

निकाल आला. तेरा महिने लागले, येऊन महिना होतोय. तुम्हाला फोन करणार होते, पण हे लिहूनच सांगावंसं वाटलं.

"अनिष्ट" गेलं. नवा दर्जा, "सर्वसाधारण, सन्माननीय परिस्थितीत." पूर्ण सन्माननीय दिला नाही. मंडळ म्हणतं, एकेचाळीस दिवस ही मोठी गैरहजेरी आहे आणि अर्जदारानं तेव्हा कारण सांगण्याची संधी नाकारली. मला राग आला. मी म्हटलं, पुन्हा अर्ज करू. बाबा म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. नाकारलीच होती." मग विचारलं, "यात लॉरेनचं नाव आहे?" मी दाखवलं, बाहेर जाणाऱ्या प्रतींमध्ये सगळी नावं काढलेली असतात. "बरं," म्हणाले आणि चष्मा काढला.

इस्पितळानं आता नाही म्हटलं नाही. कानाला यंत्रं बसलीत. पहिल्या दिवशी तक्रार एकच, फ्रीज एवढा आवाज करतो हे कुणी सांगितलं का नाही?

मी एक वही केली आहे. दर रविवारी त्या दिवसांतला एकेक दिवस विचारते. आधी वाटलं होतं, काय आठवणार? पण त्यांना सगळं आठवतं. कुठल्या डब्यातलं दूध मला चालायचं नाही, चुलीपासून किती अंतरावर पाळणा, इम्पी कोस्केलानं पाठवलेला पाव, खिडकीवर बर्फ कुठवर चढला होता. आई भिंतीकडे तोंड करून असायची आणि ते तिच्या पाठीशी बसून मला पाजायचे. तिला काही म्हणायचे नाहीत. "म्हणण्यासारखं काही सुचत नव्हतं," असं सांगतात.

आज सदतिसावा दिवस झाला. त्या दिवशी त्यांनी मला सौनात, अंगणापलीकडच्या वाफेच्या न्हाणीघरात नेलं, गरम नाही, नुसतं कोमट केलेलं. लाकडी घमेल्यात पाणी घेतलं आणि मला आंघोळ घालायला लागले. मोठे हात, साबण, मी रडत होते. मागे दार वाजलं. आई दारात उभी, अनवाणी, रात्रीच्या झग्यात. अंगणातल्या बर्फातून चालत आली होती. पाच आठवड्यांत ती स्वतःहून उठलेली नव्हती. बाबा म्हणाले, मी हललो नाही.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मान धर तिची. अशी नाही." आणि जवळ येऊन तिनं हात पाण्यात घातले.

बाबा आणखी दोन दिवस थांबले, तिचे हात तसेच राहतात का ते बघायला. मग गणवेशाला इस्त्री केली आणि बस पकडली.

मार्ता